तीनशे फिंच आणि टेक्ससची बाई

६ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या कोथिंबिरीच्या कुंड्या उचलून कचऱ्याच्या डब्यांमागे नेऊन ठेवल्या आणि मला कुणी विचारलं नाही. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये ह्याच दारात मी चाळीसच्या वर वर्षं कोथिंबीर लावते. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर कुंड्यांच्या जागी गाडी! हिरवी, गुळगुळीत, ठेंगणी. झाकण लावलेल्या पोळ्यांच्या डब्यासारखी.

बरं, आता रामराम. ही वही सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या, नर्सने बीपी लिहायला दिली. रोज एक आकडा लिहायचा म्हणे. एका आकड्यासाठी अख्खं पान कोरं सोडायला मी काही लाटसाहेबाची बायको नाही, म्हणून बाकीचंही लिहिते. शाळा कराडजवळ चौथीपर्यंत. चुका काढायला इथे कुणी नाही. मुलगा अजय इथेच जन्मला, तो मराठी वाचताना एकेका अक्षरावर बोट ठेवतो. सून सीमा वाचते, पण दुसऱ्याची वही उघडणाऱ्यातली ती नाही. आजचं बीपी १५२. त्यातले दहा कुंड्यांचे.

गाडी आणली नातीने. ऋजुता, अजयची एकुलती एक, एकतीस वर्षांची. थॉर्नवेल नावाच्या गाड्यांच्या कंपनीत आहे. त्यांच्या मोठ्या गाड्या फुटबॉलवाले आणि दातांचे डॉक्टर घेतात. आता त्यांनी एक लहान काढली आहे, तिचं नाव फिंच. ही फिंच घडवायची आणि अमेरिकेत विकायची, हे ऋजुताचं काम. पाच वर्षं ह्याच एका गाडीच्या मागे आहे पोरगी. लग्नाचं विचारलं की म्हणते, आधी फिंच.

मी किंमत विचारली. तिने सांगितली. मी जिन्याच्या पायरीवर बसले. हे घर घेतलं तेव्हा एवढे पडले नव्हते.

"एवढ्याशा डब्याला?"

"आजी, हा एन्ट्री-लेव्हल आहे. म्हणजे पहिला पायरी. लोक आधी हा घेतात, मग पुढे मोठा गाडी."

"पहिली पायरी. मोठी गाडी."

"तेच."

तिची स्वतःची गाडी रस्त्यावर लावली आहे. काळी, उंच, त्याच कंपनीची, सात वर्षं जुनी, कुणा वकिलाने वापरून विकलेली. ती मला आवडते. चढायला बैलगाडीसारखी, पण एकदा बसलं की सगळे आपल्या खाली.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीचं सामान आणायला हाउन्सलोला गेलो, फिंचमधून. जाताना काही नाही. आत मऊ आहे, वासही चांगला येतो, पायाखाली शेकही येतो. दुकानासमोर उतरायची वेळ आली आणि मला उठता येईना. बसले की अशी खाली गेले की गुडघे हनुवटीशी. सीमाने एक हात धरला, ऋजुताने दुसरा, आणि विहिरीतून बादली ओढावी तशी मला बाहेर काढली. एक सरदारजी भोपळा हातात धरून बघत उभा. मी म्हटलं, बघ बाबा, तुझंही वय होईल.

परत येताना मी विचारलं, अमेरिकेतली माणसं ह्यातून उठतात कशी?

"उठत नाहीत," ऋजुता म्हणाली. "म्हणजे बसतच नाहीत. त्यांना उंच पाहिजे. रस्ते मोठे, गॅरेज मोठा, माणसंपण मोठी. लहान म्हणजे स्वस्त, असं त्यांच्या डोक्यात. तेवढ्या पैशात दुसऱ्या कंपनीचा केवढा मोठा येतो! आणि ज्यांना आमचं नावच पाहिजे, ते आमचा जुना मोठा गाडी घेतात. दुसऱ्याने वापरलेला. नवा लहान नाही घेत."

मला धक्काच बसला. नवी कोरी सोडून दुसऱ्याची वापरलेली? मी म्हटलं, वेडे आहेत मेले.

ऋजुताने आरसा नीट केला. हीथ्रोचं विमान डोक्यावरून गेलं तोवर पुढेच बघत होती. दमते फार.

बीपी घ्यायचं राहिलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज घरात बाँब पडला. शनिवारी टेक्ससहून एक बाई जेवायला येते. डार्लीन तिचं नाव. तिची अकरा शोरूम आहेत, थॉर्नवेलच्या गाड्या विकते. विमानाने हीथ्रोला उतरणार, तिथल्याच हॉटेलात राहणार, आणि कंपनीने मोठ्या रेस्टॉरंटचं विचारलं तर म्हणाली, मला कुणाच्या तरी घरचं जेवायचंय. ऋजुताने हात वर केला. सीमा तेव्हापासून पडदे धुते आहे.

ऋजुताने मला स्वयंपाकघरात बसवून नीट सांगितलं. तिचा साहेब फिलिप बोललाय की ह्या बाईने फिंच घेतली तर बाकीचे अमेरिकन तिच्या मागून घेतील. नाही घेतली तर नवीन वर्षात फिंच बंद. फिंचवर बेचाळीस माणसं आहेत. बेचाळीसच्या बेचाळीस घरी. त्यातली एक ही.

"पाच वर्षं केलं ते?"

"ते गेलं, आजी."

एवढा मोठा धंदा आणि एका बाईच्या जेवणावर टांगलेला! कुणी ऐकलंय असं?

"म्हणून तू फक्त हस," ऋजुता म्हणाली. "गाडीबद्दल काही बोलू नको. प्लीज. तू बोलली की बोलतेच."

माझ्या घरात, मी शिजवलेलं खाणार, आणि मी फक्त हसायचं. बीपी १६८. नर्सला दाखवीन तेव्हा कारणही सांगीन.

१९ ऑक्टोबर, रविवार, सकाळी

कालचं सगळं नीट लिहून ठेवते. दिवस चांगला झाला.

ऋजुता फिंच घेऊन बाईला आणायला गेली. दारात गाडी थांबली, दार उघडलं, पण कुणी उतरेना. मी बाहेर गेले. आत एक पांढऱ्या केसांची धिप्पाड बाई, पायात चामडी बूट, तोंड लाल. दोन्ही गुडघे बदललेले, असं तिने मला पहिल्याच वाक्यात सांगितलं. माझाही एक बदललाय, डावा. ऋजुता घाबरून नुसती इकडून तिकडे. मी तिला बाजूला केलं. बाईला म्हटलं, दोन्ही पाय आधी बाहेर, मग बूड पुढे सरकव, मग माझा हात. माझं इंग्रजी म्हणजे हीथ्रोजवळ विमानाच्या जेवणाच्या कारखान्यात बावीस वर्षं ट्रे भरताना शिकलेलं. त्यात 'बूड' पक्कं येतं. बाई बाहेर आली आणि मला मिठीच मारली. "ग्रॅनी," म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांतले निम्मे माझ्या वयाचे आहेत. प्रत्येक गाडीबरोबर तुझ्यासारखी एक द्यावी लागेल."

जेवणात भरली वांगी, मसालेभात, कोशिंबीर, आणि पहिल्या घाण्याच्या चकल्या. बाईने तीनदा वांगी घेतली. मी आपलं म्हणत होते, काही नाही हो, साधंच, आज वांगी जरा जास्तच शिजली. वांगी अशी झाली होती की स्वतःच्या हाताचा मुका घ्यावा. पण पाहुण्यासमोर आपलं आपण वाखाणायचं नसतं. आमच्या आईने एवढं एक शिकवून पाठवलं.

मग बाई बोट चाटत ऋजुताकडे वळली. "तुझा कागद वाचला. सगळा. चित्रं छान आहेत. आता एकच सांग. तू स्वतःच्या पैशाने ही गाडी घेशील?"

ऋजुताने पाण्याचा पेला उचलला. प्यायली नाही, ठेवला. परत उचलला. अजय चकली मोडत बसला. सीमा माझ्याकडे बघायला लागली. पाहुणी विचारतेय आणि घरात कुणाला तोंड नाही! मग मीच सावरून घेतलं. वांग्याला म्हटलं तसंच म्हटलं.

"कुठे एवढं! लहानशीच आहे," मी म्हटलं. "काही खास नाही. गोड मानून घ्या." आणि आपल्या वस्तूला कमी म्हटलं तरी आपल्या मुलीला कमी दिसू द्यायचं नसतं, म्हणून पुढे सांगितलं, "आमची ऋजुता मोठी चालवते. ती बाहेर काळी आहे ना, ती तिची. स्वतःच्या कमाईची. लहान ती दुसऱ्यांसाठी करते."

बाई एवढी हसली, एवढी हसली की डोळे पुसले. उठून खिडकीशी गेली, पडदा सारून काळ्या गाडीकडे बघत राहिली. मग ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "थँक यू. मला पाहिजे ते कळलं."

ऋजुताचा चेहरा पिठासारखा पांढरा. पहाटेपासून धावपळ, दुसरं काय.

बाईला चकल्यांचा डबा बांधून दिला. मी मर्यादा सोडली नाही, आणि बाई खूश होऊन गेली. बीपी १४६.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

तीनशे! बाईने तीनशे फिंच घेतल्या!

फिलिपचा फोन आला तेव्हा ऋजुता इथेच होती. फिलिपने तिच्या नावाने एवढा मोठा फुलांचा गुच्छ पाठवला. तो ठेवायला घरात भांडं नाही, म्हणून कणकेच्या डब्यात उभा केला. मी शेजारच्या मिसेस गिलना, समोरच्या पोलिश पोरांना, पोस्टमनला, सगळ्यांना चकल्या वाटल्या. प्रत्येकाला सांगितलं, तीनशे. पोस्टमन म्हणाला, तीनशे काय? मी म्हटलं, तुला काय करायचंय, खा.

वांग्यांनी काम केलं. मी अजयला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आई, तू थोडी गप्प बस." सणाच्या दिवशी.

ऋजुता दारातल्या फिंचमध्ये जाऊन बसली, काचा वर करून. चाळीस मिनिटं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. रडत होती. पाच वर्षांचं ओझं उतरलं की तसं होतं. मी तिला बाहेर ओढायला गेले नाही.

बीपी १३८. एवढं चांगलं दोन वर्षांत नव्हतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

घाईघाईने लिहिते. अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी सीमाला म्हटलं, तीनशे गाड्या टेक्ससला कशा नेतात, बोटीने का? तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "आई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? त्या विकायला नाही घेतलेल्या."

मग काय मांडायला घेतल्या?

तिने सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. तिकडे मोठी गाडी दुरुस्तीला दिली की शोरूमवाले गिऱ्हाइकाला दिवसभरासाठी एक गाडी वापरायला देतात. फुकट. कर्टसी कार म्हणतात. डार्लीनबाईच्या तीनशे फिंच त्यासाठी. आज ह्याने फिरवायची, उद्या त्याने. कुणी कॉफी सांडेल, कुणाचं पोर ओकेल. सहा-आठ महिन्यांनी पडेल त्या भावाला काढून टाकायच्या. कागदावर मात्र तीनशे विकल्या असं लागतं. म्हणून फिलिपची फुलं.

म्हणजे उष्टी. बोहल्यावर जायच्या आधी उष्टी. अमेरिकेत ज्याने त्याने ती एक दिवस नाइलाजाने चालवायची, आणि संध्याकाळी आपली मोठी परत मिळाली की सुटलो म्हणायचं. मग ती विकत कोण घेणार? वर्षभर बेचाळीस माणसांची चूल पेटेल आणि मग फिंच मेली ती मेलीच.

मी म्हटलं, पण बाई एवढी खूश होऊन गेली ती कशाने?

सीमाने तव्यावरची पोळी उलटली. मी म्हटलं, बोल.

"आई, तिने फिलिपला जे पत्र पाठवलं ना, त्यात तुमचं वाक्य आहे. 'बनवणारी स्वतः मोठी जुनी चालवते, लहान दुसऱ्यांसाठी करते. माझ्या गिऱ्हाइकांचंही तेच आहे. म्हणून मी लहान दुसऱ्यांसाठीच घेते.' असं."

मी वांगी वाखाणली नाहीत तशी गाडीही वाखाणली नाही. बाईने वांगी तीनदा घेतली. ती जिभेने घेतली होती, माझ्या बोलण्यावर नाही. गाडीला जीभ नाही, तिथे माझाच शब्द धरला. हे मला कळायला पाहिजे होतं. बावीस वर्षं गोऱ्यांबरोबर काम केलं. तिथे कुणी "साधंच आहे" म्हटलं की ते साधंच असायचं.

पण त्याहून वाईट एक आहे. प्रश्न तिला विचारला होता. मला नाही.

बीपी मोजलं, लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ऋजुता कामाला गेली नाही. मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेले. माफी मागायची मला सवय नाही. ह्यांच्या मरणापर्यंत मी ह्यांची मागितली नाही. मी म्हटलं, "चहा."

"तू खोटं नाही बोलली, आजी," ती म्हणाली. "तेच तर."

"मग घेतली का नाहीस तू? कंपनी तुला कमी भावात देत असेल."

"देतात. निम्म्यात." ती पांघरुणाचं टोक पिळत बसली. "मला वर बसायला आवडतो. दोनदा फॉर्म भरला. दोनदा नाही पाठवला."

मी खुर्ची ओढून बसले. तिला ट्रेचं सांगितलं. एकदा आमच्या साहेबाने काढलं, पुढच्या वर्गाचा ट्रे लहान करून मधल्या वर्गाला द्यायचा. तीच चिनी मातीची ताटली, तोच कापडी रुमाल, पण सगळं निम्मं. लोक म्हणतील, वा, आपल्याला वरचं मिळालं! कुणी म्हटलं नाही. ताटली उघडली की पहिलं दिसायचं ते, दुसरं निम्मं कुठे गेलं. दोन महिन्यांत बंद केलं. साध्या ट्रेमध्ये पाव जास्त असायचा, त्यावर कुणी तक्रार केली नाही.

ऋजुता हसली. पहिल्यांदा, शनिवारपासून. मग म्हणाली, "हे पाच वर्षांत एका मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही. तू फिलिपला सांग."

"फिलिपला मी पावसुद्धा द्यायची नाही."

"पण गाडी वाईट नाही आहे," ती एकदम उठून बसली. "रस्ता कसा धरतो बघ. लंडनमध्ये कुठेही मावतो. त्याचं दार बंद होतं तो आवाज करायला आम्ही सात महिने घेतले. इथे लोक घेतील. आणि तिकडे, न्यूयॉर्कमध्ये वगैरे, थोडे लोक घेतील. थोडे. थोडे म्हटलं की फिलिपला ऐकू येत नाही."

ती एवढी तावातावाने बोलली की चहा सांडला. मी तिला अशी बघितलीच नव्हती. मग परवाचं ते रडणं ओझं उतरल्याचं नव्हतं हे मला आज कळलं. बाई, काय मी आजी!

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नवीन धक्का. डार्लीनबाईने अजून सही केली नाही. तिने ऋजुताला वेगळं पत्र पाठवलं. ऋजुताने ते टेबलावर ठेवलं आणि अजयने मोठ्याने वाचलं.

पत्र असं. 'तुझ्या आजीने उत्तर दिलं, आणि मी त्यावर धंदा केला. पण विमानात बसल्यावर आठवलं की मी तुला विचारलं होतं. गाडी तू केलीस. मी तीनशे घेतल्या तर त्यांचं काय होईल हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाठव म्हणालीस तर उद्या सही करते. नको म्हणालीस तर घेणार नाही, आणि का नको ते मला ऐकायचंय. मंगळवारी तुमच्या चार वाजता फोन करीन. ग्रॅनीला नमस्कार. चकल्या संपल्या.'

घरात तमाशा. अजय म्हणतो, "सरळ हो म्हण. वर्षभर पगार मिळतो, तोवर दुसरं बघ." सीमा म्हणते, आजारी आहे म्हणून सांगू, चार दिवस जाऊ देत. तेवढ्यात फिलिपचा फोन. तो म्हणतो, उद्या मी लाइनवर असेन, ऋजुताने फक्त हॅलो म्हणावं, पुढचं मी बघतो. ही मला सांगितलेलीच गोष्ट. फक्त हस.

आणि ऋजुता? ती म्हणते, "बाबा, तुम्हीच घ्या फोन. मला नको. बेचाळीस माणसं आहेत. हो म्हटलं तर गाडी जातो, नाही म्हटलं तर माणसं जातात. मला विचारूच नको कोणी." आणि मोबाइल मिक्सरशेजारी उपडा ठेवून वर निघून गेली.

अजयने तो उचलून खिशात घालायला घेतला. मी त्याच्या हातावर लाटणं ठेवलं. मारलं नाही. ठेवलं.

"आई, ती लहान आहे."

"एकतिशीत मी तुला पाठीला बांधून रात्रपाळीला बस धरत होते. लहान नाही ती. मीही तिला लहान धरलं, म्हणून हे झालं."

तो म्हणाला, "आणि तिने चुकीचं उत्तर दिलं तर?"

बरोबर उत्तर कुठलं ते मला ठाऊक नाही. आज दिवसभर विचार केला. हो म्हटलं तर बेचाळीस घरांत ह्या नाताळला केक आहे. नाही म्हटलं तर तिची गाडी कुणाचं उष्टं होत नाही. मला विचारलं तर मी दिवसाला दोनदा मत बदलते. पण मला कुणी विचारलेलं नाही. त्या बाईने अकरा शोरूम सांभाळून विमानात बसल्यावर ते ओळखलं. मी घरात बसून ओळखलं नाही.

हे पान फाडून फ्रिजवर लावणार. अजय बोट ठेवून वाचील, वेळ आहे त्याला. मोठ्या अक्षरात लिहिते.

मंगळवारी चार वाजता फोन वाजला की ऋजुतानेच उचलायचा. बैठकीच्या खोलीत, दार लावून, एकटीने. फिलिपला लाइनवर घ्यायचं नाही. अजयने हात लावायचा नाही. सीमाने आजारपण सांगायचं नाही. ती हो म्हणो की नाही, बाहेर आल्यावर कुणी तोंड वाकडं करायचं नाही. आणि मध्येच मी दाराकडे निघालेली दिसले, तर दोघांनी मिळून मला धरून ठेवायचं.